‘लवकर’ म्हणजे नेमकं केव्हा? स्त्रियांमधला जठराचा कर्करोग आणि त्याच्या खुणांचा इतिहास



पेट पास झालं की पहिलं काम म्हणजे प्रस्ताव लिहिणं. जीवशास्त्र, फार्मसी, पब्लिक हेल्थ अशा विषयांत त्या प्रस्तावाच्या शीर्षकात एक शब्द हमखास असतो: ‘लवकर’. अमुक रोगाचं लवकर निदान, तमुक कर्करोगाची लवकर दिसणारी लक्षणं. आपले गाईडही खूश होतात, कारण हा शब्द वाचणाऱ्याला चांगला वाटतो. पण लवकर म्हणजे कशाच्या मानाने लवकर? पेशंटला त्रास सुरू होण्याच्या मानाने, डॉक्टरांना गाठ लागण्याच्या मानाने, की पेशी बदलायला लागली त्या दिवसाच्या मानाने? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. जठराच्या कर्करोगाच्या बाबतीत या तीन ‘लवकर’मध्ये कधी महिन्यांचं, कधी वर्षांचं अंतर असतं.

मी मूळची सायन्सवाली. इतिहास हा माझा अधिकृत विषय नाही. पण पेशी एकमेकींना कशा चिकटून राहतात यावर वाचताना मी या रोगाच्या जुन्या कागदपत्रांपर्यंत पोचले आणि एक गोष्ट खटकली. पाठ्यपुस्तकात या रोगाच्या ज्या प्रसिद्ध ‘खुणा’ नावानिशी दिलेल्या असतात, त्यातली एकही खूण लवकरची नाही. आणि या इतिहासातल्या काही सगळ्यात महत्त्वाच्या जागी बाई आहे. कुठे पेशंट म्हणून, कुठे नर्स म्हणून, कुठे नुसतं काचपट्टीवरचं अंडाशय म्हणून. आजची पोस्ट त्याबद्दल.

व्हिएन्ना, १८८१

सुरुवात थेरेसे हेलरपासून करू. वय ४३, बऱ्याच मुलांची आई. १८८०च्या ऑक्टोबरात तिला उलट्या सुरू झाल्या. खाल्लेलं टिकेना. अंग फिकं पडलं, वजन उतरलं, नाडी बारीक झाली. जानेवारीत ती व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात थिओडोर बिलरोट यांच्याकडे आली तोवर ती जवळजवळ आंबट दुधावर जगत होती. पोटाच्या वरच्या भागात हाताला हलणारी गाठ लागत होती. जठर जिथे संपतं आणि आतडं सुरू होतं, त्या तोंडाशी, म्हणजे पायलोरसपाशी, कर्करोग वाढून वाटच बुजली होती.

२९ जानेवारी १८८१ला बिलरोट यांनी तो भाग कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. सुमारे दीड तास लागला. त्याआधी पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८७९मध्ये आणि पोलंडच्या रिडिगिएर यांनी १८८०मध्ये हाच प्रयत्न केला होता, पण दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत. थेरेसे वाचली. आठवडाभरातच बिलरोट यांनी व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना जाहीर पत्र लिहून ही बातमी दिली. सर्जरीच्या इतिहासात ही तारीख मैलाचा दगड मानतात. ‘बिलरोट एक’ हे ऑपरेशनचं नाव आजही चालतं.

साधारण चार महिन्यांनी थेरेसे गेली. कर्करोग आधीच पसरलेला होता.

इथे थोडं थांबायला हवं. बिलरोट यांनी हे धाडस आंधळेपणाने केलं नव्हतं. त्यांचे सहकारी गुसेनबाउअर आणि विनिवार्टर यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की जठराचा तुकडा काढूनही प्राणी जगतो. शिवाय त्यांनी व्हिएन्नाच्या शवविच्छेदनांच्या साठ हजारांहून जास्त नोंदी चाळल्या. प्रश्न असा होता: जठराच्या कर्करोगाने मेलेल्यांपैकी किती जणांत रोग जठरापुरताच राहिला होता? उत्तर बऱ्यापैकी आशादायक आलं. म्हणजे हातात सर्जरी येण्याआधी या लोकांनी डेटा तपासला होता. १८७०च्या दशकात, हाताने, वह्या उलटत. आपण एक्सेल हँग झालं म्हणून कुरकुरतो.

पण त्या वह्यांत एक गोष्ट नव्हती, आणि थेरेसेच्या केसपेपरमध्येही नाही: ऑक्टोबरच्या आधी काय होतं? उलट्या सुरू होतात त्या वाट बंद व्हायला लागल्यावर. त्याआधीचे महिने, कदाचित वर्षं, तिला काय वाटत होतं? जेवताना चार घासांत पोट भरल्यासारखं होत होतं का? वरच्या पोटात जडपणा? घरात एवढी माणसं असताना स्वतःचं जेवण कमी झालंय हे तिच्या लक्षात तरी आलं असेल का? सर्जनचं पत्र गाठीपासून सुरू होतं, कारण सर्जनचा संबंधच गाठीपासून येतो. जुनी केस हिस्टरी वाचताना हे ध्यानात ठेवा. ती रोगाची सुरुवात सांगत नाही, रोग आणि डॉक्टर यांच्या भेटीची सुरुवात सांगते.

नावाजलेल्या खुणा

आता त्या प्रसिद्ध खुणांकडे येऊ. एमबीबीएसचे विद्यार्थी या तोंडपाठ करतात.

पहिली, व्हिर्शोची गाठ. डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाच्या वर लागणारी लसीका ग्रंथी. रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८४८मध्ये पोटातल्या कर्करोगाशी तिचा संबंध सांगितला, फ्रान्सच्या त्रॉझिए यांनी १८८९मध्ये तो आणखी विस्ताराने मांडला. छातीतून वर जाणारी मुख्य लसीकावाहिनी डाव्या बाजूलाच उघडते, त्यामुळे पोटातल्या पेशी तिथे येऊन अडकतात. तर्क सुंदर आहे, पण गाठ गळ्यापाशी लागते तेव्हा रोगाने पोटापासून गळ्यापर्यंतचा प्रवास केलेला असतो.

दुसरी मला जास्त आवडते, कारण ती एका नर्सने टिपली. जूलिया डेम्प्सी, जन्म १८५६, न्यूयॉर्क राज्यातला. १८७८मध्ये मिनेसोटात फ्रान्सिस्कन जोगिणींच्या संघात गेली आणि सिस्टर मेरी जोसेफ झाली. रॉचेस्टरमध्ये सेंट मेरीज रुग्णालय १८८९मध्ये उघडलं आणि मेयो बंधूंनी तिथे काम सुरू केलं. हेच पुढचं मेयो क्लिनिक. सिस्टर मेरी जोसेफ १८९०पासून १९१५पर्यंत विल्यम मेयो यांची ऑपरेशनमधली पहिली सहायक होती, आणि १८९२पासून १९३९ला मरेपर्यंत रुग्णालयाची प्रमुख. ऑपरेशनआधी पेशंटचं पोट धुऊन स्वच्छ करायचं काम तिच्याकडे होतं. हे काम करताना तिला दिसलं की काही पेशंटच्या बेंबीत कडक गोळी हाताला लागते, आणि ज्यांच्या लागते त्यांचं पोट उघडल्यावर कर्करोग सगळीकडे पसरलेला असतो. तिने ते मेयोंना सांगितलं. मेयोंनी १९२८मध्ये या बेंबीबद्दल लिहिलं. पण ‘सिस्टर जोसेफची गाठ’ हे नाव रुळलं ते इंग्लंडच्या हॅमिल्टन बेली यांनी १९४९मध्ये पुस्तकात घातल्यावर. तोवर ती जाऊन दहा वर्षं झाली होती.

बघा, हे निरीक्षण कुठल्या हातांनी झालं. पेशंटच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळ ज्याचा हात लागतो, त्याच्या. लॅबमध्येही असंच असतं. उंदरांचे पिंजरे साफ करणाऱ्या मामांना कुठला उंदीर आजारी आहे हे आपल्या आधी कळतं. त्यांना विचारत जा.

पण मुद्दा परत तोच. बेंबीतली गाठ ही वाईट बातमी आहे, लवकरची बातमी नाही. सिस्टरलाही तिचा उपयोग ‘आता ऑपरेशन करून फायदा नाही’ हे ओळखण्यासाठीच दिसला होता. पाठ्यपुस्तकात मात्र या खुणा ‘जठराच्या कर्करोगाची लक्षणं’ अशा मथळ्याखाली बाकीच्यांबरोबर एका ओळीत येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्या एकाच वेळच्या आहेत. त्या यादीला काळाचा अक्षच नाही.

क्रूकेनबर्गला वाटलं, अंडाशयाचा आहे

तिसरी कथा सर्वस्वी स्त्रियांची. १८९६. जर्मनीतलं मारबुर्ग. फ्रीडरिश क्रूकेनबर्ग नावाचा पंचविशीतला तरुण, म्हणजे आपल्याच वयाचा, विकृतिशास्त्राचे प्राध्यापक मार्शांद यांच्याकडे काम करत होता. त्याने स्त्रियांच्या अंडाशयातल्या एका विचित्र अर्बुदाचं वर्णन छापलं. टणक, बहुधा दोन्ही बाजूंना, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी: आत श्लेष्मल द्रव्य भरलेलं आणि केंद्रक एका कडेला ढकललेलं. पेशी दिसते शिक्क्याच्या अंगठीसारखी, म्हणून आज तिला ‘सिग्नेट रिंग’ पेशी म्हणतात. क्रूकेनबर्गने निष्कर्ष काढला की हा अंडाशयातच सुरू होणारा एक नवा सार्कोमा आहे.

वर्णन बिनचूक होतं. अर्थ चुकला होता. १९०२मध्ये व्हिएन्नाच्या श्लागेनहाउफर यांनी दाखवलं की ही अर्बुदं अंडाशयातली नाहीतच, ती दुसरीकडून आलेली आहेत, आणि ते ‘दुसरीकडे’ म्हणजे बहुतेक वेळा जठर. सहा वर्षांत सिद्धांत पडला, पण नाव टिकलं. आजही ‘क्रूकेनबर्ग ट्यूमर’च म्हणतात. गंमत म्हणजे क्रूकेनबर्ग स्वतः पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला, आणि डोळ्याच्या पारपटलाच्या आतल्या बाजूला रंगद्रव्य साचून होणाऱ्या एका आकारालाही त्याचं नाव आहे. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. संदर्भ शोधताना गोंधळू नका.

पण ही कथा नुसती गंमत नाही. तिच्यात एक प्रश्न आहे, जो आजही ओपीडीत जिवंत आहे. जठरातली मूळ जागा इतकी लहान असू शकते की तिथे काही त्रासच होत नाही, आणि अंडाशयातली गाठ मात्र मोठी होते. मग बाई कुठल्या डॉक्टरकडे जाणार? तिची तक्रार असते ओटीपोट फुगलंय, दुखतंय, पाळी अनियमित झाली आहे, क्वचित रक्तस्राव. ती जाते स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि यात तिचं काही चुकत नाही. सोनोग्राफी होते, अंडाशयात गाठ दिसते, ऑपरेशन ठरतं. जठराकडे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही तर मूळ रोग तसाच राहतो. या बायका साधारण चाळिशीतल्या, पुष्कळ जणींची पाळी अजून चालू असलेल्या. काही तर गरोदर. गरोदरपणात मळमळ, उलटी, भूक नसणं हे सगळं ‘असतंच’. डोहाळे म्हणून सोडून दिलेल्या उलट्यांमागे जठराचा कर्करोग निघाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात. फार दुर्मीळ आहे हे, घाबरायचं कारण नाही. पण इथे उशीर कशाने होतो ते स्पष्ट दिसतं: लक्षण नसल्याने नाही, लक्षणाला आधीच एक सोयीचं स्पष्टीकरण मिळाल्याने.

संशोधनाच्या दृष्टीने दोन गोष्टी इथून उचलता येतात. एक, निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवून लिहिले की निष्कर्ष चुकला तरी निरीक्षण वाचतं. क्रूकेनबर्गच्या पेशींचं वर्णन आज १२५ वर्षांनंतरही वापरतात. दोन, अवयवानुसार विभागलेल्या रुग्णालयात रोग विभागांच्या मधल्या फटीत पडतो. आपली जर्नल्सही अशीच विभागलेली आहेत. स्त्रीरोगाच्या जर्नलमधला पेपर जठराचा अभ्यासक वाचत नाही, आणि उलटंही.

सगळे जठराचे कर्करोग एक नाहीत

हे थोडक्यात सांगते, कारण पुढचं समजायला लागेल. लंडनचे विल्यम ब्रिंटन यांनी १८५९मध्ये अशा जठराचं वर्णन केलं, जे गाठ न होता सगळंच्या सगळं जाड आणि ताठर होतं, चामड्याच्या पखालीसारखं. मग १९६५मध्ये फिनलंडचे विकृतितज्ज्ञ पेक्का लाउरेन यांनी १३४४ रुग्णांचे नमुने तपासून दोन मुख्य प्रकार पाडले. एका प्रकारात पेशी एकमेकींना धरून आतड्यासारख्या नळ्या करतात. दुसऱ्यात, ज्याला ‘डिफ्यूज’ म्हणजे विखुरलेला म्हणतात, पेशी एकेकट्या सुटून भिंतीत पसरतात. ब्रिंटनची पखाल आणि क्रूकेनबर्गच्या अंगठीसारख्या पेशी या दुसऱ्या घरातल्या.

जगभरात जठराचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांच्या साधारण दुप्पट आढळतो. पण या विखुरलेल्या प्रकाराचं प्रमाण स्त्रियांत आणि तरुणांत तुलनेने जास्त असतं. त्यात आणखी एक पंचाईत: पेशी वरच्या अस्तराखालून पसरत असल्यामुळे एंडोस्कोपीत अस्तर चक्क नॉर्मल दिसू शकतं आणि वरवरच्या बायॉप्सीत काही सापडत नाही. म्हणजे ‘हा तर वयस्क पुरुषांचा रोग’ हे सरासरीने खरं वाक्य तरुण बाईच्या बाबतीत नेमकं घातक ठरतं. सरासरी कुणाची, हे विचारायची सवय लावून घ्या.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची कथा मी इथे घेत नाही. वॉरन आणि मार्शल यांचं काम, १९९४मध्ये त्याला कर्ककारक ठरवणं, २००५चं नोबेल, यावर मराठीत चांगलं लिहिलेलं सापडतं.

जपानने शब्दाचा अर्थ बदलला

आता ‘लवकर’ या शब्दाकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जठराचा कर्करोग हे मृत्यूचं फार मोठं कारण होतं. टोकियोचे डॉक्टर तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे इंजिनिअर यांनी १९५०मध्ये गॅस्ट्रोकॅमेरा बनवला: रबरी नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा, इवलासा दिवा, आणि अरुंद फिल्म. डॉक्टरला आतलं काही दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, पोटाच्या कातडीतून दिव्याचा उजेड कुठे दिसतो त्यावरून नळी कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा आणि फोटो काढायचा. फिल्म धुतल्यावर कळणार काय मिळालं ते. त्याच सुमाराला बेरियम आणि हवा दोन्ही वापरून जठराच्या अस्तरावरची बारीकशी घडीसुद्धा क्ष-किरणात दाखवण्याचं तंत्र तिथे पक्कं झालं. १९६०च्या दशकात क्ष-किरण यंत्र बसवलेल्या बसगाड्या गावोगावी जाऊ लागल्या आणि ज्यांना काहीही त्रास नाही अशा माणसांची तपासणी सुरू झाली.

यातून ढीगभर लहान-लहान जखमा सापडायला लागल्या आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीने त्यांना नाव देऊ लागला. म्हणून १९६२मध्ये जपानच्या एंडोस्कोपी संघटनेने व्याख्या ठरवली: ‘अर्ली गॅस्ट्रिक कॅन्सर’ म्हणजे असा कर्करोग जो जठराच्या आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात आहे, त्याच्या पलीकडे स्नायूत गेलेला नाही. लसीका ग्रंथींत पेशी असोत वा नसोत.

ही व्याख्या पुन्हा वाचा. तिच्यात वेळ नाही. लक्षण नाही. किती दिवसांपासून दुखतंय, वजन उतरलं का, काहीही नाही. ‘लवकर’ हा काळाचा शब्द होता, तो खोलीचा झाला. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उडी आहे, बिलरोटच्या ऑपरेशनपेक्षाही. कारण आता दोन डॉक्टर, दोन शहरं, दोन दशकं यांची तुलना करता येऊ लागली. या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णांपैकी ऑपरेशननंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण जपानमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. १९८३पासून ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

आकडेवारी शिकणाऱ्यांसाठी एक इशारा. रोग आधी पकडला की निदानानंतर जगलेली वर्षं आपोआप वाढलेली दिसतात, जरी मृत्यूची तारीख तीच राहिली तरी. त्यामुळे नव्वद टक्के या आकड्यावरून लगेच ‘तपासणीने जीव वाचतो’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी तपासलेल्या आणि न तपासलेल्या लोकांतले मृत्यू मोजावे लागतात. जपानमध्ये तसे अभ्यास झाले आणि त्यात तपासणीचा फायदा दिसला, पण तो पुरावा वेगळा आणि हा आकडा वेगळा.

आणि जपानी डॉक्टरांनी आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. लवकरच्या कर्करोगावर अल्सरसारखी जखम झालेली असेल तर ती काही काळ भरूनही येते, मग पुन्हा उघडते. म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळीने बरं वाटलं, एवढ्यावरून आत काही नाही असं ठरत नाही.

मग लक्षणांचं काय?

इथे वाचक विचारणार, मग बाईने लक्ष कशाकडे द्यायचं? प्रश्न रास्त आहे. डॉक्टर ज्यांना धोक्याची लक्षणं म्हणतात ती अशी: कारण नसताना वजन उतरणं, गिळायला त्रास, सारख्या उलट्या, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, पोटात गाठ, लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया, थोड्या घासांत पोट भरणं. यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे जायचंच, वाट बघायची नाही. पण यांना ‘लवकरची’ म्हणणं इतिहासाला धरून नाही. थेरेसे हेलरला यातली निम्मी होती.

२००६मध्ये १५ अभ्यास आणि ५७ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र घेऊन तपासलं गेलं की अपचनाच्या पेशंटमध्ये या लक्षणांवरून कर्करोग कितपत ओळखता येतो. निकाल निराशाजनक होता. काही अभ्यासांत बहुतेक कर्करोग पकडले गेले, काहींत एकही नाही. लक्षण असलेल्या बहुतेकांना कर्करोग नव्हता, आणि कर्करोग असलेल्या कित्येकांना लक्षण नव्हतं.

या यादीतला अ‍ॅनिमिया मला वेगळा काढून दाखवावासा वाटतो. जठरातून रोज थोडंथोडं रक्त जात असेल तर शौचाचा रंगही बदलत नाही, पण काही महिन्यांत शरीरातलं लोह संपतं. पुरुषात हिमोग्लोबिन ९ निघालं की डॉक्टर विचारतात, रक्त जातंय कुठे? ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरुष आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया यांना अशा वेळी एंडोस्कोपी सांगितलेली आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीत कारण समोरच असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. प्रत्येकीला नळी घाला असं कुणी म्हणत नाही. पण भारतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया अ‍ॅनिमिक आहेत. निम्म्याहून जास्त बायकांत जे लक्षण आहे, ते लक्षण उरतंच कुठे? ते पार्श्वभूमी होऊन जातं. आपल्याकडे तर त्याला शब्दही तयार आहेत: अशक्तपणा, पित्त, उपवास फार करते, दगदग होते. हे शब्द खोटे नाहीत, पण ते चौकशी बंद करतात. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल, किंवा पाळी थांबल्यावर ते नव्याने उतरलं असेल, तर ‘पाळीमुळे’ हे उत्तर पुरत नाही. निदान ते वाक्य तरी डॉक्टरांसमोर बोलावं.

महाराष्ट्रात हा रोग तुलनेने कमी आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३पासून चालू आहे, लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली, म्हणून आपण हे ठामपणे म्हणू शकतो. मिझोराममध्ये, विशेषतः ऐझॉलमध्ये, तो देशात सगळ्यात जास्त. कुणाला विषय शोधायचा असेल तर सांगते: आपल्या जिल्ह्यात अ‍ॅनिमियाच्या बाईला शेवटची एंडोस्कोपी कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून झाली, हा प्रश्न घेऊन ओपीडीच्या नोंदी बघायला काही महाग यंत्र लागत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र लागते, ती आधी घ्या.

खूण अंगावर नाही, वंशावळीत

शेवटची गोष्ट न्यूझीलंडची. तिथल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या माणसं जठराच्या कर्करोगाने मरत होती, स्त्रिया आणि पुरुष, कित्येक ऐन तारुण्यात, काही तर विशीच्या आत. १९६४मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात या कुटुंबाचा वृत्तांत छापला गेला. तीस वर्षं त्याचं पुढे विशेष काही झालं नाही. मग नव्वदच्या दशकात कुटुंबातल्याच लोकांनी पुढाकार घेतला आणि डनीडिनच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांना गाठलं. कोण कुणाचं, कोण कशाने गेलं, ही माहिती कुटुंबाने जुळवली. रक्ताचे नमुने दिले. १९९८मध्ये पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये छापलं की दोष सीडीएच-वन या जनुकात आहे. हे जनुक ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवतं, आणि पेशींना एकमेकींना धरून ठेवणं हेच त्या प्रथिनाचं काम. लाउरेन यांनी १९६५मध्ये पेशी एकेकट्या सुटताना पाहिल्या होत्या, त्यामागचा डिंक इथे सापडला.

नंतर असंही दिसलं की हा दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या, लोब्युलर, कर्करोगाचा धोकाही बराच असतो. म्हणजे आजीला स्तनाचा, मामाला पोटाचा, मावशीला पुन्हा पोटाचा, अशी घरातली माहिती वेगवेगळ्या फायलींत पडून राहिली तर काहीच कळत नाही. एका कागदावर आली तर कळतं. असा कागद बऱ्याच घरांत कुणीतरी बाईच तोंडी सांभाळत असते.

२००१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच जणांचा वृत्तांत आला. सगळे तरुण, सगळ्यांत हा जनुकीय दोष, कुणालाही काहीच त्रास नाही, एंडोस्कोपीत काही संशयास्पद नाही. त्यांनी तरीही आपलं जठर काढून घ्यायचं ठरवलं. काढलेल्या जठराचं सगळं अस्तर बारीक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तेव्हा पाचही जणांत अस्तराच्या वरच्या थरात कर्करोगाची सूक्ष्म बेटं सापडली. पेशी फुगलेल्या, केंद्रक कडेला ढकललेलं. क्रूकेनबर्गने १८९६मध्ये मारबुर्गला अंडाशयाच्या कापात काढलेलं चित्र शेजारी ठेवलं, तर पेशी त्याच आहेत.